आईच्या दुधातले निरोप

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



यंदा तुम्ही दोन शब्द बोला, असा कार्यवाहताईंचा निरोप आला तेव्हा मला प्रथम हसूच आले. मी सातवी शिकलेली बाई. चूल, पाणी, भाताची लावणी आणि पोरांचे डबे यांत माझी चाळिशी उलटून गेली. व्यासपीठावर उभे राहण्याचा प्रसंग आजवर आला नाही. मी ताईंना म्हटले, "मला कशातले काय कळते?" ताई म्हणाल्या, "नातवाच्या वेळी तुमच्या घरी जे झाले तेवढेच सांगा." ते सांगणे सोपे नाही, कारण त्यात चूक माझीच आहे. पण ती ऐकून एखाद्या घरची तशी चूक टळली, तर आजचे बोलणे वाया गेले नाही असे मी समजेन.

माझी थोरली मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आषाढात तिला मुलगा झाला. वजन दोन किलो सहाशे ग्रॅम. आमच्या सासूबाई जुन्या वळणाच्या. त्या म्हणाल्या, "पहिला चीक पिळून टाका, तो बाळाला जड जातो. तीन दिवस मध चाटवा." माझ्या वेळी त्यांनी असेच केले होते आणि मीही मान खाली घालून ते मानले होते. पण दवाखान्यातल्या सिस्टरताईंनी कोणाचे काही चालू दिले नाही. पहिल्या तासातच त्यांनी बाळाला आईच्या अंगाशी लावले. तो पिवळसर, दाटसर चीक बाळाच्या पोटात गेला. इथवर सारे ठीक झाले.

पुढे बाळ अडीच महिन्यांचे झाले. अंगावर पीत होते, हसत होते, मान धरत होते. पण अंगाने सडसडीत. शेजारी त्याच्याच वयाचे एक बाळ होते. त्याला डब्याचे दूध चालू होते आणि ते लोण्याच्या गोळ्यासारखे गुबगुबीत झाले होते. आल्यागेल्या बाया दोन्ही बाळे पाहत आणि आमच्याकडे बघून म्हणत, "अगं, हे वाळलेले दिसते. आईचे दूध पातळ असेल." एकीने तर वाटीत चार थेंब पिळायला लावले आणि ते निळसर दिसले म्हणून नाक मुरडले. माझी लेक रात्री उशीत तोंड खुपसून रडली. तिचे रडणे मला पाहवेना. दुसऱ्याच दिवशी मी बाजारात गेले आणि डबा व बाटली घेऊन आले. आणले ते मीच, दुसऱ्या कोणी नव्हे.

दिवसातून तीनदा बाटली सुरू झाली. बाटलीचे दूध आयते येते, त्याला जोर करून ओढावे लागत नाही. आठ दिवसांत बाळ अंगावर ओढायला कंटाळू लागले. ओढणे कमी झाले तसे दूधही कमी झाले. पंधरा दिवसांत लेक म्हणू लागली, "आई, मला दूधच येत नाही गं." आम्ही बायांनी मान डोलावली : बघा, आम्ही म्हणत होतो ना! आणि मग भर पावसाळ्यात, गढूळ पाण्याच्या दिवसांत, बाळाला जुलाब लागले. डोळे खोल गेले. त्याला उचलून दवाखान्यात नेताना माझे पाय लटपटत होते. देवाच्या दयेने दोन दिवसांत बाळ सावरले. डॉक्टरांनी बाळाचे कार्ड मागितले. अंगणवाडीत दर महिन्याला वजन करून त्यावर ठिपका मांडतात ते कार्ड. त्यांनी बोट ठेवून दाखविले. ठिपका दर महिन्याला आपल्या वाटेने वर चढत होता. बाळ सडसडीत होते, पण त्याची वाढ नीट चालली होती. ते म्हणाले, "बाई, डबा कशासाठी आणलात?" मला उत्तर देता आले नाही.

दवाखान्यातून परत आल्यावर आमच्या भागातल्या सिस्टरताई दोन-तीनदा घरी आल्या. त्यांनी जे समजावले, आणि पुढे मुलीने वाचून दाखविले, ते मी एका वहीत लिहून ठेवले आहे. त्यातलेच आज तुम्हांला सांगते. त्यांचे पहिलेच वाक्य मला लागले. त्या म्हणाल्या, "मावशी, दूध म्हणजे नुसते अन्न नव्हे. त्यात आईचे निरोप असतात."

निरोप म्हणजे काय? तर आपल्या शरीरात एका जागेहून दुसऱ्या जागी रक्तावाटे निरोप नेणारे काही पदार्थ असतात. त्यांना मराठीत संप्रेरके म्हणतात, इंग्रजीत हार्मोन. हा शब्द १९०५ साली स्टार्लिंग नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने रूढ केला. मुलीचे न्हाण येणे, पोट राहणे, बाळंतपणाच्या कळा येणे, ही सारी यांचीच कामे. साखरेच्या आजारात ज्याचे इंजेक्शन घेतात ते इन्सुलिनही त्यांतलेच. आता दुधाच्या बाबतीत यांचे दोन भाग करावे लागतात. काही संप्रेरके आईच्या अंगात राहून दूध तयार करतात व बाहेर सोडतात. काही मात्र दुधात उतरतात आणि बाळाच्या पोटात जातात.

आधी पहिला भाग सांगते. बाळ ओढू लागले की आईच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या एका लहानशा ग्रंथीला खूण पोचते. तिथून प्रोलॅक्टिन निघते आणि ते दूध बनविते. रात्री ते अधिक निघते. म्हणून रात्रीचे पाजणे चुकवू नये. दुसरे आहे ऑक्सिटोसिन. ते बनलेले दूध पुढे ढकलते. आपण ज्याला पान्हा फुटणे म्हणतो ते हेच. सुरुवातीच्या दिवसांत बाळाला पाजताना ओटीपोटात कळ येते, कारण त्याच ऑक्सिटोसिनने गर्भाशय आवळते आणि रक्तस्राव आटोक्यात राहतो. अमेरिकेतल्या व्हिन्सेंट द्यु विग्नो यांनी १९५३ साली हे द्रव्य प्रयोगशाळेत बनविले आणि १९५५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. काही गोठ्यांत गाईम्हशींना दूध सोडण्यासाठी चोरून टोचतात ते इंजेक्शन याच ऑक्सिटोसिनचे. मुक्या जनावराला असे टोचणे गैर आहे आणि कायद्यालाही ते मान्य नाही.

गुरे पाळणाऱ्या घरांतल्या बायांना मी काय सांगावे! गाय बुजली, अनोळखी माणूस पुढे आला, वासरू दिसले नाही, तर ती पान्हा चोरते. कास भरलेली असते, पण धार येत नाही. बाईचेही तसेच आहे. भीती, टोमणे, दुखणे, अपुरी झोप यांनी ऑक्सिटोसिन अडते. दूध असते, पण उतरत नाही. आता विचार करा. "तुझे दूध पातळ, तुझे दूध पुरत नाही" असे आम्ही चारचौघी उठताबसता माझ्या लेकीला सांगत होतो. गाईला आपण बुजवीत नाही, तिच्या अंगावरून हात फिरवून मग धार काढतो. आणि ओल्या बाळंतिणीला मात्र आपण बोल लावतो.

आपल्या जिल्ह्यातली हिरकणीची कथा तुम्हांला ठाऊकच आहे. गडावर दूध विकायला गेलेली ती गवळण. दरवाजे बंद झाले, घरी तान्हे बाळ उपाशी, म्हणून रायगडाचा कडा ती काळोखात उतरून गेली. आज एसटीच्या स्थानकांवर अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी खोली ठेवतात, तिला हिरकणी कक्ष हेच नाव दिले आहे. लहानपणी मला वाटे की ही केवळ धाडसाची गोष्ट. आता वाटते, जिला पाजण्याची वेळ टळून गेल्याची ओढ ठाऊक आहे, तिलाच हिरकणी खरी कळते. बाळ दूर रडले तरी पदर ओला होतो. मन आणि पान्हा यांचा धागा असा एक आहे.

आता दुसरा भाग. हा मला अगदीच नवा होता. दुधात उतरून बाळाकडे जाणाऱ्या द्रव्यांपैकी चार-पाच नावे मी वहीत लिहिली आहेत. लेप्टिन हे त्यांतले पहिले. शरीरातली चरबी ते बनविते आणि 'पोट भरले, आता पुरे' असा निरोप ते मेंदूला देते. अमेरिकेत १९९४ साली त्याचा शोध लागला. पुढे थोड्याच वर्षांत ते आईच्या दुधातही सापडले. घ्रेलिन हे भुकेचा निरोप देणारे. अ‍ॅडिपोनेक्टिन हे शरीरात साखर व चरबी नीट वापरली जावी यासाठी मदत करणारे. इन्सुलिन तर माहीतच आहे. दुधातले इन्सुलिन बाळाच्या कोवळ्या आतड्याला पक्व करायला मदत करते. शिवाय आतड्याचे अस्तर वाढविणारी काही द्रव्ये असतात, आणि ती पहिल्या चिकात सर्वांत जास्त असतात. जो चीक आमच्या सासूबाई पिळून टाकायला सांगत होत्या, तो बाळाच्या आतड्याला पहिला लेप आणि रोगाविरुद्ध पहिले कवच. मी माझ्या तिन्ही पोरांच्या वेळी तो जमिनीवर ओतला. ते आठवले की आजही जीव चरफडतो.

रात्रीच्या दुधात मेलाटोनिन असते. अंधार पडल्यावर माणसाला झोप आणणारे हे द्रव्य. दिवसाच्या दुधात ते जवळजवळ नसते. नवजात बाळाला दिवस-रात्र कळत नाही, ते अंग त्याचे त्याला दोन-तीन महिन्यांनी येते. तोवर आईचे दूधच त्याला सांगते की बाळा, आता रात्र झाली. डब्याच्या दुधाला सकाळ नाही आणि संध्याकाळ नाही. ज्या बहिणी कामासाठी दूध काढून ठेवतात त्यांनी शक्यतो दिवसाचे दिवसा आणि रात्रीचे रात्री पाजावे, हे यावरून ध्यानात घ्यावे.

आता कोणी म्हणेल, गाईच्या दुधातही हे सारे असेलच की! गाईच्या दुधातही संप्रेरके असतात, पण ते निरोप वासराला लिहिलेले आहेत. वासरू दीड-दोन महिन्यांत जन्मावेळच्या वजनाच्या दुप्पट होते. माणसाच्या बाळाला त्यासाठी पाचएक महिने लागतात. म्हणून गाईच्या दुधात प्रथिने आईच्या दुधाच्या तिप्पट. वासराने लवकर उभे राहायचे, पळायचे. आपल्या बाळाने सावकाश वाढायचे, कारण त्याचा मेंदू आधी वाढायचा असतो. डब्यात गाईच्या दुधाची भुकटी करून, प्रथिने कमी करून, जीवनसत्त्वे घालून माणसाच्या बाळाजोगते करतात. पण उष्णतेच्या खटाटोपात निरोप नेणारी द्रव्ये टिकत नाहीत. अन्न पोचते, चिठ्ठी पोचत नाही.

आपण भात पिकविणाऱ्या बायका. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने काढलेले वाण आपल्या शेतात आहेत, ते 'कर्जत' नावानेच ओळखले जातात. आपल्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट सांगते. एका खाचरात हात सैल सोडून युरिया टाकला तर भात कसे काळेभोर, तरारलेले दिसते! रस्त्याने जाणारा थांबून बघतो. पण भाद्रपदातल्या वाऱ्यापावसात तेच आडवे लोळते. शेजारचे बेताने वाढलेले मात्र ताठ उभे राहते आणि त्याची लोंबी भरते. पीक नुसत्या उंचीवरून जोखायचे नाही, हे आपल्याला शेतात कळते. घरात पाळण्याजवळ आलो की आपण ते विसरतो. गुबगुबीत ते निरोगी आणि सडसडीत ते अशक्त, असा आपला हिशेब.

शास्त्रज्ञ याबाबत काय म्हणतात? स्पेन देशातल्या एका बेटावर २८ आयांच्या दुधातले लेप्टिन मोजले आणि त्यांची बाळे दोन वर्षांची होईपर्यंत पाहिली. २००६ साली त्यांनी छापले की ज्यांच्या दुधात पहिल्या महिन्यात लेप्टिन अधिक होते त्यांची मुले पुढे बेताच्या अंगाची राहिली. उंदरांच्या पिल्लांना दूधपित्या वयात लेप्टिन दिले तेव्हा मोठेपणी तीही कमी लठ्ठ झाली. पण सिस्टरताईंनी मला बजावले आहे की मावशी, याचा गाजावाजा करू नका. सगळ्याच संशोधकांना सारखाच निष्कर्ष मिळालेला नाही. या निरोपांपैकी कोणता किती काम करतो यावर अजून वाद आहेत. अंगावर पिणारे मूल डब्याच्या मुलापेक्षा पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात सावकाश वजन धरते, एवढे मात्र ठिकठिकाणी दिसून आले आहे. पहिल्या महिन्यांत फार झपाट्याने फुगलेली मुले मोठेपणी लठ्ठ होण्याचा धोकाही जास्त, हेही दिसले आहे.

हे परदेशातले झाले. आपल्या पुण्यातले सांगते, कारण ते आपल्याला जास्त लागू आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी दोन किलो सातशे ग्रॅम भरले, तर इंग्लंडमधल्या बाळांचे साडेतीन किलो. आपली बाळे हातापायाने, पोटाने बारीक. पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने कमी नव्हती. नाळेतले रक्त तपासले तेव्हा वजन कमी असूनही आपल्या बाळांत लेप्टिन इंग्लंडमधल्या बाळांच्या जवळपास तेवढेच निघाले आणि इन्सुलिन जास्त. वरून रोड, आतून चरबीचे, असे आपले बाळ जन्मतःच असते. पुढे घरोघर दिसणाऱ्या मधुमेहाचे एक मूळ इथे असावे असे ते सांगतात. तेव्हा बारीक जन्मलेल्या बाळाला घाईघाईने फुगविणे हे आपल्या लोकांना अधिकच भोवण्यासारखे आहे.

मग बाळ नीट वाढते की नाही हे ओळखायचे कसे? शेजारच्या बाळाकडे बघून नव्हे. अंगणवाडीच्या कार्डाकडे बघून. पूर्वी जगभर चालणारा तक्ता अमेरिकेतल्या, बहुतांशी बाटलीवर वाढलेल्या मुलांवरून बनविलेला होता. त्याच्याशी तुलना केली की अंगावर पिणारे मूल मागे पडल्यासारखे वाटे आणि डॉक्टरही वरचे दूध सुचवीत. २००६ साली जागतिक आरोग्य संघटनेने नवा तक्ता काढला. त्यासाठी ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली सुमारे साडेआठ हजार मुले पाहिली आणि मोजमाप धरले ते आईच्या दुधावर वाढलेल्या मुलांचे. आपल्या अंगणवाडीत आज याच मापाचे कार्ड आहे. म्हणजे आईचे दूध पिणारे बाळ आता जगाचे माप झाले आहे. आपले मूल त्या मापात बसत असता आपण त्याला उणे का म्हणावे?

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, नाहीतर माझ्या बोलण्याचा कोणी उलटा अर्थ घेईल. सडसडीत असणे निराळे आणि खंगणे निराळे. आपल्या दोन्ही तालुक्यांत डोंगराकडेच्या ठाकरवाड्या, कातकरवाड्या आहेत. दिवाळीनंतर कितीतरी घरे तान्ह्या लेकरांसह वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तिथे खरोखरच उपासमारीने खंगलेली मुले आहेत. कार्डावरची रेष आडवी झाली किंवा खाली उतरली, बाळ दोन आठवड्यांतही जन्मावेळच्या वजनाला परत आले नाही, दिवसातून सहापेक्षा कमी वेळा लघवी करते, मलूल पडून असते, तर 'आईचे दूध चालू आहे, होईल नीट' म्हणत बसू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. माझे म्हणणे एवढेच की निर्णय कार्डाने आणि डॉक्टरांनी करावा. वाटीतल्या चार थेंबांच्या रंगाने करू नये. सुरुवातीचे दूध पातळ, निळसर असते, त्याने तहान भागते. शेवटी येणारे स्निग्ध असते. म्हणून एक बाजू पुरती पिऊ द्यावी, मग दुसरी द्यावी.

ज्या आईला खरोखरच पाजता येत नाही तिला मात्र कोणी दूषण देऊ नये. कोणी आजारी असते, कोणाचे बाळ सातव्या महिन्यात जन्मते. मुंबईला शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉक्टर आर्मिडा फर्नांडिस यांनी २७ नोव्हेंबर १९८९ रोजी मातृदुग्धपेढी सुरू केली. आशिया खंडातली ती पहिली. रक्तपेढीत रक्त देतात तसे तिथे आया आपले जास्तीचे दूध देतात. ते साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवून निर्जंतुक करतात आणि नाजूक बाळांना पाजतात. तापविण्याने त्यातले काही निरोप कमी होतात खरे, तरी पुष्कळसे गुण उरतात. परक्या आईचे दूधही डब्यापेक्षा सरस ठरते, मग आपल्या आईचे किती! डॉक्टरांनीच डबा लिहून दिला तर तो जरूर द्यावा, पण बाटलीऐवजी उकळलेल्या वाटी-चमच्याने द्यावा. डब्याच्या दुधाची आणि बाटलीची जाहिरात करायला आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. पण शेजारणीच्या तोंडाला कायदा कुठून लावणार? ती जाहिरात आपण फुकट करतो.

आता शेवटचे, आणि माझ्या मते मुख्य. चिठ्ठी लिहायची तर लिहिणारीच्या हातात बळ हवे. आई जेमतेम खाते तरी निसर्ग तिच्या अंगातले ओढून दूध बनवितो. पण त्याची झीज तिला सोसावी लागते, आणि फार खंगली की दुधातली जीवनसत्त्वे आणि लेप्टिनसारखी द्रव्येही उतरतात. डॉक्टर याज्ञिकांच्या त्याच अभ्यासात आढळले की ज्या गरोदर बाया पालेभाजी, फळे, दूध वरचेवर खात त्यांची बाळे जन्मतः मोठी होती. पालेभाजीला आपल्याकडे पैसे पडत नाहीत. परसात शेवगा आहे, पावसाळ्यात टाकळा आहे, माठ आहे. नाचणीची भाकरी आहे, अळीव आहेत, सुकट आहे. उणीव आहे ती बाईच्या ताटात वाढण्याची. सगळ्यांचे झाल्यावर पातेल्यात उरेल ते खरवडून खाणारी ती आपल्या घरातली बाळंतीण असते. सव्वा महिना आपण तिला डिंकाचे लाडू देतो. मग ती पुन्हा विहिरीवर, पुन्हा शेतावर. पाजणे तर त्यापुढे दोन वर्षे चालायचे असते.

माझ्या लेकीचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. सिस्टरताईंनी बाटली बंद करायला लावली. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, बाळाला अंगाला लावायला सांगितले. वरचे दूध डॉक्टरांना विचारून वाटी-चमच्याने रोज थोडे थोडे कमी केले. मला सांगितले, "मावशी, तुमचे काम एकच. तिच्या हातातले काम काढून घ्या आणि घरात येणाऱ्याच्या तोंडाला कुलूप लावा." मी ते केले. चार दिवस बाळ रागावून रडले. मी लेकीच्या पाठीवर हात ठेवून बसे. तिला गरम पेज देई, दुसरे काही बोलत नसे. बारा दिवसांनी एका पहाटे तिने हाक मारली, "आई, बघ ना." पदर भिजला होता. त्या वेळी सासूबाई उठून आल्या, त्यांनी मीठमोहऱ्या ओवाळल्या आणि कधी नव्हे ते म्हणाल्या, "चुकलो गं आपण." घरातल्या तीन पिढ्या त्या पहाटे एका खोलीत बसून रडल्या. नातू आता दीड वर्षाचा आहे. अजून सडसडीतच आहे आणि घरभर पळतो. सहा महिन्यांनंतर खिमट, वरणभात, नाचणीचे सत्त्व सुरू केले आणि अंगावरचेही चालूच आहे.

आपल्या मंडळाने या वर्षी एक छोटेसे काम हाती घ्यावे अशी माझी विनंती आहे. ज्या घरी बाळंतपण होईल तिथे बाळंतविडा घेऊन आपण जातोच. तेव्हा टोपडे-झबल्याबरोबर आपल्यापैकी एकीने तासभर तिथे थांबावे. भांडी घासावीत, धुणे धुवावे, सासूबाईंशी दोन गोड शब्द बोलून चिकाचे समजावून सांगावे. आणि बाळाकडे बघून 'वाळले' हा शब्द तोंडून काढू नये. खोपोलीकडे कारखान्यांत जाणाऱ्या बहिणींना दूध काढून स्वच्छ भांड्यात झाकून ठेवायला शिकवावे. उन्हाळ्यात ते चार तासांत संपवावे. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामावर पाजण्यासाठी दोन सुट्या मिळण्याचा हक्क कायद्याने दिला आहे, तो त्यांना सांगावा. याला देणगी लागत नाही, ठराव लागत नाही.

पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी लिहून जाते असे आपण मानतो. तिने काय लिहिले ते कोणाला वाचता येत नाही आणि पुसताही येत नाही. आई मात्र रोज आठ-दहा वेळा पदराखाली घेऊन बाळाला लिहीत असते. ते लिहिणे चालू राहावे म्हणून तिच्या पाठीवर हात ठेवणे आपल्या हाती आहे. मी माझ्या घरी तो हात वेळेवर ठेवला नाही. तुम्ही ठेवा.